रेशनकार्डावरची नात

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. पारनेर
लंडनचं सुप्रीम कोर्ट (सु. को.) उन्हाळी सुट्टीवर. थेट १ ऑक्टोबरला उघडणार. तरी दुपारी तीनला, रोज त्यांचं कामकाज बघायच्या सवयीनं, कॉम्प्युटर लावला आणि जुना एक निकाल वाचत बसलो. संभाजी पेपरातून मान वर करून म्हणाला, "सायेब, आज बी तारीख न्हाई का गोऱ्यांकडं?" एकतीस वर्षं माझा कारकून. मी वकिली सोडून चार वर्षं झाली, हा गडी अजून साडेदहाला येतो, टेबल पुसतो, पेपर वाचतो, कोर्ट सुटायच्या वेळेला जातो. मी ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही.

सकाळी बाररूमला गेलो होतो. नव्या फौजदारी कायद्यांना वर्ष उलटलं तरी भाषणं चालूच. एक नवा वकील म्हणाला, गोऱ्यांचं भूत उतरलं एकदाचं. म्हटलं, फसवणुकीची व्याख्या वाच. वाचली. मजकूर जवळपास तोच, ४२० चं ३१८ झालंय. म्हटलं, भूत तेच आहे, घर नंबर बदललाय. कुणी हसलं नाही. एकानं चहा सांगितला, त्यात मी धरलेला नव्हतो.

काल लीड्सहून अनूचा फोन. नाताळच्या सुट्टीत रेवाला घेऊन तीन आठवडे यायचं म्हणते. रेवा आता आठ वर्षांची. शेवटची इथं आली तेव्हा चारची होती. पण प्रतिवादीचा नकार. (प्रतिवादी म्हणजे आमचे जावई. लीड्समध्येच, दोन वर्षं वेगळे राहतात. अनू म्हणते, बाबा, त्याला नाव आहे. असेल.) त्याचं म्हणणं, एकदा पोर भारतात गेली की परत यायची नाही. मुलं एका देशातून दुसऱ्या देशात पळवण्याबद्दलचा जो हेगचा करार आहे, त्यावर आपली सही नाही. तेव्हा तिकडच्या कोर्टाचा हुकूम इथं कितपत चालेल, सांगता येत नाही. मुद्दा बिनतोड आहे. त्याचा वकील असतो तर मीही हाच मांडला असता. अनूच्या सॉलिसिटरनं परवानगीचा अर्ज टाकलाय. सुनावणी १८ नोव्हेंबर.

२० सप्टें., शनिवार
काल तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात चर्चा. मरणाच्या दारातल्या माणसाला मरण मागण्याचा हक्क द्यावा का? दुपारपासून ऐकत होतो. लाल बाकं, म्हातारी माणसं, एकजण बोलताना दुसरा मधे तोंड घालत नाही. एका बाईंनी नवऱ्याचं शेवटचं दुखणं सांगितलं, आणि सांगून खाली बसल्या. टाळ्या नाहीत, काही नाही.

अनूची आई, सुमन, शेवटच्या दोन महिन्यांत म्हणायची, मला सोडवा आता. मी म्हणायचो, असं बोलू नये. चाळीस वर्षं लोकांच्या वतीनं बोललो, आणि घरातल्या माणसाला हे तीन शब्दांचं उत्तर. आज ते फार लागलं.

ती गेल्यावर रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करायला तहसीलमध्ये गेलो होतो. लाल शाईची आडवी रेघ, 'मयत'. कार्डावर राहिलं एकटं माझं नाव. ते बघवेना. अनू आणि रेवा तेव्हा इथंच होत्या, कोरोनात विमानं बंद म्हणून पाच महिने अडकलेल्या. पुरवठा शाखेतला क्लार्क ओळखीचा. दोघींची नावं घालून घेतली. तिकडं जन्मलेली पोर नियमात बसत नाही हे वकील असून माहीत होतं. धान्य एक दाणा कधी उचललं नाही. कार्ड उघडलं की तीन ओळी दिसाव्यात, एवढंच.

२८ सप्टें., रविवार
पाऊस थांबायला तयार नाही. 'सदर तालुका अवर्षणप्रवण असून' असं आयुष्यभर दाव्यांत लिहिलं. आता लिहिलं तर जज्ज खिडकीकडं बोट दाखवेल. लाईट दुपारपर्यंत नव्हती.

अनूचा फोन. सॉलिसिटरला माझं निवेदन हवंय. मी कोण, कुठं राहतो, मायलेकी माझ्याकडं उतरतील, मी त्यांना परतीच्या दिवशी विमानतळावर पोचवीन. "बाबा, एक पान. साधं. ती दोनदा म्हणाली, साधं."

तिकडं एका कामाला दोन वकील. सॉलिसिटरनं रांधायचं, बॅरिस्टरनं वाढायचं. मी एकट्यानं रांधलं, वाढलं आणि भांडीही घासली.

१ ऑक्टो., बुधवार
कोर्ट उघडलं! आज तिकडं कायद्याच्या वर्षाचा पाडवा. जज्ज मंडळी खांद्यापर्यंत लोंबणारे केसांचे टोप घालून रांगेनं चर्चमध्ये जातात, मग जेवतात. आणि तेच सु. को.चे जज्ज रोजच्या कामाला साध्या सुटात बसतात. ना टोप, ना झगा. अर्धगोल टेबल, वकील फार तर दहा फुटांवर. आमच्याकडं उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही, तरी मी कधी काढला नाही. कोट काढला की पक्षकाराला वाटतं, वकील आज कामावर नाही.

त्यांची भाषा आता मला पुरती कळते. वकील 'अत्यंत आदरपूर्वक' म्हणाला की समजावं, साहेब तुम्ही चुकताय. जज्ज 'याबाबत मला जरा मदत कराल का' म्हणाले की समजावं, वकील खड्ड्यात. हे सगळं समोर चाललेलं असतं आणि शेजारच्याला कोपर मारून सांगावं तर शेजारी संभाजी. त्याला सांगितलं. म्हणाला, "आपल्या देशमुख जज्जापुढं आसं कोन बोललं आस्तं तर त्यांनी पाण्याचा गिलास फेकला आस्ता." तेही खरं.

७ ऑक्टो., मंगळवार
निवेदन झालं. चार दिवस बसलो होतो. एक पान म्हणे! एका पानात काय होतं? आमच्या कोर्टात एका पानाचं ॲफिडेव्हिट दिलं तर समोरचा वकील विचारतो, बाकीचं घरी विसरलात का. अकरा पानं झाली, इंग्रजीत. माझं शिक्षण, सनद, बारचं अध्यक्षपद दोनदा, घर, मळगंगेच्या देवळाच्या बाजूची अडीच एकर. माझ्यावर कधी फौजदारी नाही. नातीवर किती जीव आहे ते स्वतंत्र परिच्छेदात. पाचशेचा स्टँप लावला, गरज नव्हती, पण कागदाला वजन येतं. संभाजीनं जोडपत्रं लावली: आधार, लाईटबिल, सातबारा, रेशनकार्ड. नोटरीचा लाल शिक्का प्रत्येक पानावर. नोटरी आमचाच ज्युनिअर. म्हणाला, "सर, लंडनला पाठवायचंय? मग डबल मारतो."

स्कॅन करून अनूला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं. जेवण गेलं नीट.

११ ऑक्टो., शनिवार
अनू हसली. "बाबा, अकरा पानं?" म्हटलं, एक एक परिच्छेद कामाचा आहे. म्हणाली, सॉलिसिटर म्हणते आता दुरुस्तीला वेळ नाही, मुदत सोमवारी संपते, असंच दाखल करू. मराठी कागदांचं काय, असं तिनं विचारलं. अनूनं सांगितलं, पत्त्याचे पुरावे आहेत. हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती ती, औषधांच्या खिडकीवर. घाईत होती. मी आणखी दोन मिनिटं बोलणार होतो, पण मागून कुणीतरी हाक मारली तिला.

२२ ऑक्टो., बुधवार. पाडवा
सकाळी अभ्यंगस्नान एकट्याचं एकट्यानं. शेजारच्या वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं. ते परत करताना रिकामं कसं द्यायचं म्हणून वर साखर घातली. सुमन हेच करायची, बहुतेक. आता विचारणार कुणाला?

संध्याकाळी रेवा व्हिडिओवर. "आजोबा, यू आर ऑन म्यूट." मग बॅग दाखवली. दोन महिने आधीच भरली आहे! पोहण्याचा चष्मा कशाला, विचारलं. म्हणाली, तुमच्या विहिरीसाठी. विहीर बुजवून दहा वर्षं झाली. अनूच्या लहानपणीच्या गोष्टीतली विहीर ती. मी सांगितलं नाही. म्हटलं, आण आण.

पाठीमागून अनू म्हणत होती, रेवा, अजून नक्की नाही हं. पोर ऐकत नव्हती.

२७ ऑक्टो., सोमवार
काल तिकडं घड्याळं तासभर मागं घेतली. आता कोर्ट आपल्या चारला सुरू होणार. म्हणजे दुपार एक तासानं लांबली. आधीच लांब होती.

त्यांच्याकडं मोठ्या फौजदारी खटल्यांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं तारीख मिळत नाही, असं तिकडच्याच एका वकिलानं लिहिलंय. बाररूममध्ये सांगायला गेलो, म्हटलं बघा, साहेबाच्या घरीही तारीखच. सगळे पतसंस्थेच्या निवडणुकीत गुंतलेले. "हो का अण्णा," एवढं म्हणाले. परत आलो.

६ नोव्हें., गुरुवार
वाईट दिवस.

साडेबाराला अनूचा फोन. तिच्याकडं सकाळचे सात. कधी या वेळेला करत नाही.

"बाबा, रेवाचं नाव आपल्या रेशनकार्डवर आहे?"

म्हटलं, आहे.

"आणि ते कार्ड तुम्ही कोर्टात दिलं?"

म्हटलं, पत्त्याचा पुरावा म्हणून.

मग सांगितलं. प्रतिवादीचं उत्तर आलंय. अकरा पानांपैकी एकाही पानाला हात लावलेला नाही. फक्त ते कार्ड, त्याचं भाषांतर, आणि एक परिच्छेद: मुलीचं नाव तिच्या आजोबांनी आधीच भारतातील सरकारी दप्तरी कायम रहिवासी म्हणून नोंदवलेलं आहे, ही गोष्ट वडिलांना कधी सांगितलेली नाही, आणि आजोबा स्वतः वकील आहेत. नाव मी सुमन गेल्यावर घातलं, ते तिकडं कुणाला कळणार? तारखेवरून एवढंच दिसतं की चार वर्षांपूर्वीच आमचा बेत शिजला होता.

दोन्ही बाजूंच्या वकिलांना मराठी येत नाही. अनू सोडली तर ते कार्ड वाचता येणारा एकच माणूस, प्रतिवादी, आणि तो समोर बसलेला. त्यालाच मी ते हातानं नेऊन दिलं.

"तुम्ही मला सांगितलंसुद्धा नव्हतं बाबा." मग "ड्यूटी आहे" म्हणून ठेवला.

७ नोव्हें., शुक्रवार
संभाजी आल्या आल्या त्याच्यावर ओरडलो. कुणी सांगितलं होतं कार्ड जोडायला? तो उभाच राहिला. म्हणाला, "सायेब, पत्त्याचं काय जोडल्याबिगर आपला नोटरी कवा सही करतो का? एकतीस वर्सं जोडतोय मी. तुमी पान पान बगितलं हुतं." खरं आहे. पान पान बघितलं होतं. कार्डाची झेरॉक्स पुसट आली म्हणून दुसरी काढायला मीच लावली होती.

दुपारी त्याला म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, "आसू द्या." आणि पेपर वाचू लागला.

पक्षकारांना मी पहिली गोष्ट काय सांगायचो? मागितलाय तेवढाच कागद द्या. जास्तीचा कागद आपल्याच अंगावर येतो. हे सांगून किती जणांना दरडावलं असेल मी.

अनूला लांबलचक मेसेज लिहिला. कार्डावर नाव का घातलं, ते. पाठवला नाही. 'मला एकटं बघवेना' हे मुलीला लिहायचं कसं? फक्त लिहिलं, खुलाशाचं निवेदन देतो, एका पानाचं. तिचं उत्तर: "सॉलिसिटरला विचारते." दोन शब्दांचं.

१० नोव्हें., सोमवार
खुलासा पाठवला. सहा ओळी. कारण खरं लिहिलं. इंग्रजीत ते लिहिणं सोपं गेलं.

१८ नोव्हें., मंगळवार
आज सुनावणी. कुटुंबाची प्रकरणं तिकडं बंद दाराआड चालतात. कायदा योग्यच आहे, पोराबाळांचे वाभाडे गावभर कशाला? पण अख्ख्या इंग्लंडचं सु. को. मी घरबसल्या बघू शकतो आणि ज्या एका खोलीत माझ्या नातीचं ठरणार, तिथं मला शिरकाव नाही.

साडेतीनपासून बसलो. त्यांचे सकाळचे दहा. सु. को. लावलं, आवाज असावा म्हणून. कुठल्याशा कराराच्या अर्थावरून दोन वकील हळू आवाजात भांडत होते. नेहमी मी नोंदी घेतो. आज एक शब्द डोक्यात शिरला नाही. एका जज्जबाईंनी वकिलाला विचारलं, मला जरा मदत कराल का, आणि मला वाटलं, तिकडं लीड्सला हेच वाक्य आत्ता अनूच्या बॅरिस्टरला विचारलं असेल.

संभाजी पाचला जातो. आज साडेसहापर्यंत बसला. त्याला म्हटलं, जा आता. म्हणाला, "गाडी पंक्चर हाय." गाडी पंक्चर नव्हती. दारातच तर उभी होती.

सातला त्याला घालवलं. फोन आला नाही.

१९ नोव्हें., बुधवार
परवानगी नाही.

नाताळला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वसंतात पुन्हा अर्ज करता येईल, भारतातल्या कायद्याच्या तज्ज्ञाचं मत घेऊन. अनूनं सगळं सरळ आवाजात सांगितलं, गोळ्या किती वेळा घ्यायच्या ते सांगतात तसं. जज्जबाई भल्या होत्या म्हणे. माझा खुलासा त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाल्या, आजोबांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. आणि म्हणाल्या, "आजोबांवर मी कोणतीही टीका करत नाही."

ही भाषा मला कळते. चार वर्षं तीच शिकत बसलोय. टीका करत नाही म्हणजे तुम्हीच घालवलंत.

विचारलं, रेवाला सांगितलंस? म्हणाली, अजून नाही. बॅग तशीच आहे.

मग म्हणाली, "बाबा, थोडे दिवस मी फोन नाही केला तर वाईट वाटून घेऊ नका. रागावले नाहीये. दमलेय." मी 'बरं' म्हटलं. वाईट वाटलं. आत्ता लिहितानाही वाटतंय.

२६ नोव्हें., बुधवार
तिकडं मोठी खळबळ. बऱ्याच खटल्यांतून ज्यूरी काढून टाकायचा सरकारचा विचार आहे म्हणे, कारण खटले तुंबलेत. वकील खवळलेत. आठशे वर्षांचा हक्क वगैरे. आपल्याकडं ज्यूरी जाऊन साठ वर्षं झाली, कुणाच्या जेवणात मीठ कमी पडलं नाही. तरी मला वाटतं, बारा अनोळखी माणसांपुढं आपली बाजू मांडता यावी. जज्जला कायदा कळतो. बारा माणसांत एखादा तरी आजोबा निघाला असता.

हे अनूला सांगायला फोन उचलला आणि ठेवला. सात दिवस झाले.

संभाजीला सांगितलं. तो म्हणाला, बारा मानसं एका मताला येतात कशी? आमच्या भावकीत तिघं येत न्हाईत.

१ डिसें., सोमवार
तहसील. पुरवठा शाखा. कोर्टानं सांगितलेलं नाही, अनूनंही नाही. पण वसंतात पुन्हा अर्ज करायचा तर ती ओळ तिथं नको.

क्लार्क आता नवा, कॉम्प्युटरवाला. नाव कमी करायचा फॉर्म दिला. कारण: मयत / विवाह / स्थलांतर / विभक्त. यांपैकी एकावर खूण करा. अनूपुढं 'विवाह' चाललं असतं. रेवापुढं पेन थांबलं. स्थलांतर? ती तिच्या जागी आहे, कुठून कुठं गेली नाही. म्हटलं, मुळात चुकून घातलं होतं, असा रकाना आहे का?

"आसा रकाना नसतो काका. स्थलांतर करा. सगळे तेच करत्यात."

केलं. मग त्यानं स्क्रीनकडं बघून विचारलं, "म्हंजी तुमचं एकट्याचंच ऱ्हायलं का?" वाईट हेतूनं नव्हे, टाईप करायचं होतं त्याला. मी 'हो' म्हणालो. मागं रांग होती.

घरी येऊन दाखल्याचा फोटो अनूला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. पाच मिनिटांत फोन आला. रडत होती. मी म्हटलं, अगं कागद आहे तो. ती म्हणाली, "तुमचा खुलासा मी परत वाचला बाबा. आई गेल्यावर मी तुमच्याकडं पाच महिने होते, आणि तुम्ही तेव्हा एवढं एक वाक्य बोलला नाहीत." बरोबर आहे. नव्हतो बोललो. दहा मिनिटं दोघंही फोन धरून होतो. मधे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, तिकडच्या.

६ डिसें., शनिवार
अनू म्हणते, तुम्ही या.

मी! पासपोर्ट काढून ठेवलाय सुमनच्या हट्टानं, आठ वर्षांपूर्वी. कोरा आहे. रोज दुपारी इंग्लंडात असतो, पण पाय कधी लावला नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरी असावं, म्हणायचो. खरं कारण, एकट्यानं विमानात बसायची भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही.

निखिलनं लेखी कळवलंय म्हणे, आजोबांनी इकडं येऊन भेटायला माझी हरकत नाही, उलट रेवाला आवडेल. वाचून खजील झालो. एवढे दिवस त्याला प्रतिवादी म्हणत होतो.

नाताळपर्यंत व्हिसा होईल असं नाही. होईल तेव्हा जायचं.

९ डिसें., मंगळवार
व्हिसाचा अर्ज. ऑनलाईन. सकाळपासून मी आणि संभाजी. प्रश्नांना अंत नाही. कुठं राहणार, खर्च कुणाचा, पूर्वी कुठल्या देशानं नाकारलंय का, कुठल्या अतिरेकी संघटनेत होतात का. संभाजी म्हणाला, "बारचं लिवू नका."

सगळ्या प्रश्नांचा रोख एकच: हा माणूस परत जाईल कशावरून? अनूची सॉलिसिटर म्हणते, सोबत एक पत्र जोडा, तुमच्या गावाशी तुम्हाला बांधून ठेवणारं काय काय आहे ते लिहा.

जी शंका पोरीवर, तीच आता माझ्यावर. कायदा म्हणून यातही खोट काढता येत नाही.

लिहायला घेतलं. घर. अडीच एकर, वाट्यानं दिलेली. सनद, बंद करून ठेवलेली. पुढं कुटुंब. पत्नी: मयत. मुलगी: लीड्स. नात: लीड्स. भाऊ नाही, बहीण गेल्या वर्षी गेली. त्याखालची ओळ रिकामी राहिली. अर्धा तास तिच्याकडं बघत होतो. मी वकील आहे, माझ्याविरुद्धची केस मला दिसते. त्या व्हिसा अधिकाऱ्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं, या म्हाताऱ्याला परत जायला कारणच नाही. आणि ते खोटं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं. तिथं रेवा शाळेतून आली की दार उघडायला मी असेन. इथं कशाला यायचं?

संभाजीला वाचून दाखवलं. म्हटलं, ही ओळ रिकामी जाते.

तो म्हणाला, "माजं नाव लिवा की."

म्हटलं, अरे, नातं विचारतात. काय लिहू?

"लिवा, कारकून. एकतीस वर्सं." मग पेपरची घडी घालत म्हणाला, "आन् सायेब, तुमी परत न्हाई आला, तर मी रोज साडेधाला कुटं जायाचं?"

पाणी प्यालो. मग त्याचं नाव टाईप केलं आणि पुढं पत्ता विचारला. त्याची वाडी माहीत होती, त्यापुढचं काही माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत घरी कधी गेलो नाही त्याच्या. घरच्या दोन लग्नांच्या पत्रिका दिल्या होत्या त्यानं, दोन्ही वेळेला मला तारीख होती.

"मारुतीच्या देवळामागं, तिसरं घर," म्हणाला. "दारात लिंब हाय. कुनालाबी इचारा."

लिहून घेतलं. पत्र अजून पाठवलेलं नाही. हा पुरावा ते ग्राह्य धरतील का, सांगता येत नाही. उद्या सकाळी त्यानं यायचं नाही, मी वाडीला येतो, असं त्याला सांगितलंय.